दादा, कोड सांगा ना

सकाळी 7

आमच्या धंद्यात सकाळ नसतेच. नवी मुंबईतल्या बूटकॅम्पवर, म्हणजे आम्ही चार खेळाडू, एक कोच आणि एक विश्लेषक ज्या भाड्याच्या फ्लॅटात राहतो तिथे, दहाच्या आधी कोणी उठला तर बाकीचे त्याला ताप आला का विचारतात. आसगावात, म्हणजे माझ्या गावी, ही चैन नाही. दिवाळी सरली आहे, हलका धान कापणीला आला आहे आणि आज गावची मंडई, म्हणजे जत्रा. सहापासून ट्रॅक्टर घरघरतात. सातला आई पांघरूण ओढते, "ऊठ बाबू, पोट्टे कवाचे येऊन बसले."

सपरीत पाच-सहा जण बसलेले, सगळ्यांचे फोन आडवे. मी बीजीएमआय खेळतो, म्हणजे गावाच्या भाषेत पबजी. नाव 2021 मध्ये बदललं, पण गावानं ते काही मनावर घेतलं नाही. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, सेन्सीचा कोड सांगा ना."

सेन्सी म्हणजे सेन्सिटिव्हिटी. बोट किती सरकलं की पडद्यावरची नजर किती वळावी, फोन किती कलला की बंदूक किती खाली यावी, याचे आकडे. ते सगळे एका कोडात बांधून दुसऱ्याला देता येतात. मी देऊन टाकतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. गोव्याच्या जोनाथन अमरालचे आकडे किती पोरांनी आपापल्या फोनमध्ये टाकून पाहिले असतील, जोनाथन मात्र एकच राहिला. माझे आकडे माझ्या फोनच्या वजनावर आणि माझ्या पंजावर बसले आहेत. मी चार बोटांनी खेळतो. दोन्ही अंगठे खाली, दोन्ही तर्जन्या वर, आणि फोनचा भार करंगळ्यांवर. डाव्या करंगळीला आतून फोनच्या कडेनं घट्टा पडला आहे. पोरं त्याला हात लावून पाहतात आणि पुन्हा कोडच मागतात.

त्यातल्या एकाच्या फोनची काच उजव्या कोपऱ्यात फुटलेली होती, नेमकी गोळी झाडायच्या बटणावर. तिथे बोट घासतं म्हणून त्यानं बटण आत सरकवलं होतं, आणि मग त्याला जागा करायला उडी, वाकणं, गोळ्या भरणं अशी सगळीच बटणं हलवली होती. मी तो मांडलेला पडदा बराच वेळ पाहत बसलो. आमच्या कोचनं पाहिला असता तर त्यानं फोटो काढून घेतला असता. पोरगा मात्र लाजून फोन मागे घेत होता. त्याला वाटलं, मी काचेकडे बघतोय.

सकाळी 9

बाबांना डबा द्यायला बांधीवर. कापलेल्या धानाच्या कडपा पसरल्या आहेत आणि सगळ्यांचा एक डोळा आभाळावर आहे. चौरास पट्ट्यात विहिरी-बोअरच्या पाण्यावर उन्हाळी धानही होतो, म्हणून कापणी उरकायची घाई दरवर्षीचीच. शेजारच्या धुऱ्यावरून काका हाक मारतात, "का गा, तुझा गेम तर बंद झाला म्हनते ना सरकारनं?"

हा प्रश्न या दिवाळीत मला सगळ्यात जास्त वेळा आला. टीम इंडियाच्या छातीवरचं ड्रीम11 गेलेलं सगळ्यांनी पाहिलं, म्हणजे मोबाइलवरचे सगळेच खेळ गेले असा हिशेब झाला. काकांना सांगतो की 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झालेला कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. रमी गेली, पैसे लावून संघ निवडणं गेलं. आमचा खेळ ईस्पोर्ट्स म्हणून त्याच कायद्यानं वेगळा काढून मान्य केला आहे. त्याआधी डिसेंबर 2022 मध्येच तो क्रीडा मंत्रालयाकडे दिला गेला होता. काका ऐकतात आणि म्हणतात, "म्हनजे पटासारखं."

अगदी पटासारखं. हे कोणी मुंबईच्या पत्रकारानं विचारलं असतं तर मला अर्धा तास लागला असता. शंकरपट, म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत, 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं थांबला. राज्यानं 2017 मध्ये कायदा केला तरी तो न्यायालयात अडकला. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं. आमचं गाडंही तसंच अडतअडत चाललं. 2 सप्टेंबर 2020 ला पबजीवर बंदी, 2 जुलै 2021 ला तोच खेळ नव्या नावानं हजर, 28 जुलै 2022 ला तोही ॲपच्या दुकानातून गायब, आणि 29 मे 2023 ला परत. पटाच्या निकालानंतर अकरा दिवसांनी. परत आला तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला 3 तास आणि मोठ्यांना 6 तास अशी मर्यादा घालून आला. मधल्या काळात पटाचे बैल दावणीला बसून खात होते आणि आम्ही घरी बसून. फरक इतकाच की बैलाला कोणी "आता पुढं काय करनार?" असं विचारत नव्हतं.

सकाळी 11

पानठेल्यावर एकच विषय, पैसा. "किती भेटते?" इथे मी आकडे सांगतो ते दुसऱ्यांचे. 2019 मध्ये हैदराबादला पबजीची स्पर्धा टीम सोल जिंकली, तिला 30 लाख मिळाले. नमन माथुर, म्हणजे पोरांचा मॉर्टल, तेव्हापासून घराघरात गेला. बीजीएमआयच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत स्कायलाइट्झला 50 लाख. पुढे 2023 च्या स्पर्धेची एकूण बक्षिसंच 2 कोटींची झाली. ठेल्यावर शांतता पसरते. मग मी सांगतो की जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस कापला जातो, संघमालकाचा वाटा कराराप्रमाणे जातो, उरलेलं चार खेळाडूंत वाटलं जातं, आणि हे सगळं पहिला आलेल्याचं आहे. दहाव्या नंबरचं कोणी विचारत नाही. मी बहुतेक दहाव्या नंबराच्या आसपास असतो, म्हणून मला पगार महत्त्वाचा.

"मंग पगार किती?"

खर्रा घोटणारा हात थांबवून ठेलेवालाही कान देतो. मी चहाचे पैसे देऊन निघतो.

दुपारी 1

आई वाढते, मी खातो, आणि ताटाशेजारी फोनवर कालच्या सामन्याचं रेकॉर्डिंग चालू ठेवतो. आईला ते आवडत नाही. कोचला मात्र दोनच्या आत दोन सामन्यांवर माझं टिपण लागतं.

खरं काम हेच. मी संघात आयजीएल आहे, म्हणजे हाक देणारा. सामन्यात सोळा संघ उतरतात, चौसष्ट माणसं, आणि सुरक्षित जागेचं वर्तुळ आकसत जातं. विजेत्या संघाला जागेचे 10 गुण, खालच्यांना उतरत्या क्रमानं, आणि शत्रूचा माणूस मारला की प्रत्येकी 1. चारपैकी तिघं हातानं खेळतात. मी तोंडानं आणि कानानं जास्त खेळतो. गाडी कुठल्या रस्त्यानं काढायची, टेकडी धरायची की वाडा, शेजारी दोन संघ भांडत असताना आपण शिरायचं की बसून राहायचं. कालच्या एरँगल नावाच्या नकाशावरच्या सामन्यात मी "थांबा" हा शब्द इतक्यांदा म्हटला आहे की रेकॉर्डिंग ऐकताना मलाच वैताग येतो. पण त्या सामन्यात आम्ही तिसरे आलो.

चाहत्यांचे संदेशही याच वेळेत उरकतो. फोन कोणता, फ्रेम किती, जायरो चालू की बंद, बोटात घालायची टोपी कोणत्या कंपनीची. सगळे प्रश्न हाताचे. कोणी कधी विचारत नाही की थांबायचं कधी हे कसं कळतं. विचारलं तर मी मन लावून तासभर उत्तर देईन.

दुपारी 3

सराव सामन्यांची पहिली फेरी. माझी जागा म्हणजे धानाच्या पोत्यांची खोली, कारण राउटर तिथे आहे आणि तिथे जावई-पाहुणे शिरत नाहीत. पिंग चाळीसच्या आत आहे, मुंबईहून फार वेगळं नाही. लोकांना वाटतं गावात नेट नसतं. नेट असतं. वीज जाते, हा प्रश्न वेगळा.

दुसरा सामना सुरू होताना आबाजी, म्हणजे माझे आजोबा, काठी टेकत येतात आणि पोत्यावर बसतात. त्यांच्याकडे एकेकाळी पटाची जोडी होती. अजूनही पट कुठे भरणार, कोणाच्या जोडीनं किती सेकंद घेतले, हे त्यांना विचारावं. अर्धा तास ते काही बोलत नाहीत. फक्त माझ्या तोंडाकडे बघतात, पडद्याकडे नाही.

शेवटच्या वर्तुळाला आमचा एक पडला. मी ओरडलो, "सोड, सोड, पुढे." बाकीचे दोघं दगडाआड गेले, पडलेला उघड्यावर सरपटत राहिला आणि संपला. आम्ही चौथे आलो.

कानावरचं काढल्यावर आबाजी म्हणाले, "चौघातला एक पडला, त तू बाकीच्याईले थांबवत काऊन नाई?"

दिवसभरातला हा पहिला खेळाडूचा प्रश्न. मी त्यांना समजावून सांगितलं. पडलेला लगेच मरत नाही, त्याचा जीव हळूहळू ओसरतो. जवळ जाऊन उचलायला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ उचलणाऱ्याचे हात बंदुकीवर नसतात. धुराचा गोळा टाकून आड करता येते, पण धूर दिसला की आजूबाजूच्या संघांना कळतं की इथे कोणीतरी पडलंय, मग ते तिकडेच धावतात. म्हणून आधी बघायचं की पाडणारा कुठे आहे, तो एकटा आहे की चौघं, आणि वर्तुळ पुढे कुठे सरकणार. हे सगळं दोन सेकंदांत. पडलेला चांगला नेमबाज असला तर हिशेब बदलतो. आज पडला तो आमचा सगळ्यात चांगला नेमबाज होता.

"मंग उचलाले पायजे होता," आबाजी म्हणाले. "पटात एक बैल अडखळला का धुरकऱ्याले दुसरा बैल कामाचा रायत नाई."

मी म्हटलं, आबाजी, इथे तीन बैल उरतात. ते म्हणाले, "म्हनून तर इचारलं." आणि उठून गेले. मी ते टिपणात लिहिलं, नाव न घालता. कोचचं उत्तर आलं की मुद्दा बरोबर आहे, उद्या बोलू.

संध्याकाळी 6

मंडई. आकाशपाळणा, जिलेबी, चिवड्याचे ढीग, एका कोपऱ्यात खडी गंमत लागलेली. सेल्फ्या होतात. एका दहावीतल्या मुलीनं विचारलं, पोरी खेळतात का? खेळतात, मुलींच्या स्पर्धा होतात, पण कमी आणि बक्षिसंही लहान. तिला पायल धारे माहीत होती. उमरानाल्याची, छिंदवाड्याजवळची, म्हणजे नागपूरच्या पलीकडची आमची शेजारीणच. मी सांगितलं की पायलचं काम मुख्यतः थेट खेळून लोकांना दाखवण्याचं आहे, स्पर्धेत संघाकडून उतरण्याचं वेगळं. त्यातलं पहिलं काम सध्या जास्त पोट भरतं. ती म्हणाली, "मले दुसरं पायजे." मी संघ कसा जमवायचा ते सांगितलं. आधी आपल्यासारख्या तिघी शोध, रोज एकाच वेळी खेळा, आणि प्रत्येक सामना नंतर परत बघा.

मग तिच्यामागून एक बाप आला, पोराला दंडाला धरून. "हा शिकून नाई रायला. याले तुमच्यात घ्या."

हा प्रश्न टाळता येत नाही आणि थट्टेवारीही नेता येत नाही. मी त्यांना स्पर्धेची वाट सांगितली. नोंदणी कोणालाही खुली असते, पण सोळा वर्षं पूर्ण लागतात आणि अठराच्या आत असेल तर पालकांची संमती. हजारो संघ नाव घालतात, अंतिम फेरीत सोळा पोचतात. पंचविशीच्या पुढे फार थोडे खेळाडू टिकतात. मग कोणी कोच होतं, कोणी समालोचक, कोणी घरी. बापानं पोराकडे पाहिलं. पोरगा म्हणाला, "सोळात येतो ना मी." त्याच्या आवाजात शंका नव्हती. आमच्या संघातल्या चौघांनीही आपापल्या बापांना हेच सांगितलं होतं, हे मी त्या वेळी बोललो नाही.

रात्री 9

दुसरी फेरी, ही महत्त्वाची, कारण मोठे संघ रात्रीच उतरतात. पहिला सामना बरा. दुसऱ्यात सगळ्या मंडईचे दिवे एकदम लागल्यामुळे असेल, वीज गेली. राउटर इन्व्हर्टरवर होता, तरी तो बंद होऊन चालू व्हायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी उघड्या मैदानात पुतळ्यासारखा उभा होतो. परत आलो तेव्हा दोघं मेलेले आणि तिसरा मला शिव्या देत होता, भोजपुरीत. तिसरा आणि चौथा सामना फोनच्या डेटावर काढला. चौथ्यात एक पडला, मी धूर टाकायला सांगितला, आम्ही त्याला उचललं, आणि उचलताना दुसरा पडला. सहावे आलो.

रात्री 11.30

मंडईचं नाटक. वडस्याची कंपनी, झाडीपट्टीतली नाटकं रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपतात. पडदा उघडायला अजून वेळ होता, उद्घाटकांची भाषणं चालू होती. मी मागे सतरंजीवर बसायला गेलो तर निवेदकानं माइकवरून नाव पुकारलं. "आपल्या आसगावचे पबजी खेळाडू" म्हणून शाल, श्रीफळ. आबाजी पहिल्या रांगेत, तो फुटक्या काचेचा पोरगा मंचाच्या कडेला लटकलेला.

निवेदकानं माइक माझ्यापुढे धरला, "गावातल्या तरुणांना काय संदेश द्याल?"

मी म्हटलं, फोन चार्जिंगला लावून खेळू नका, गरम होतो आणि फ्रेम पडतात.

टाळ्या जरा कमीच पडल्या. निवेदकानं माइक काढून घेतला, पुढच्या सत्कारमूर्तीचं नाव वाचलं. मंचाच्या कडेचा पोरगा मात्र खिशातून फोन काढून त्याची वायर उपटत होता. पॉवर बँक शर्टाच्या आत लपवलेली होती.