टपावरचा तंबू आणि दिंडीचा ट्रक

ब्रिस्टलमध्ये आमच्या गल्लीत माझी गाडी सगळ्यांना माहीत आहे. सात वर्षं जुना फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप, मागच्या हौद्यावर लोखंडी रॅक आणि त्या रॅकवर घडी करून बसवलेला तंबू. मुक्कामी पोचलं की पट्टे सोडायचे, शिडी ओढायची, पाच मिनिटांत जमिनीपासून सहा फुटांवर झोपायची खोली तयार. गेल्या वर्षी आई-बाबा पहिल्यांदा इकडे आले, तेव्हा बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वर बघितलं आणि म्हणाले, "अरे, हा तर आपल्या दिंडीचा ट्रक झाला की!"

आम्ही फलटणचे. बाबा एसटीत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आमच्या गावावरूनच पंढरपूरला जाते. बाबा दर वर्षी रजा टाकून आमच्या दिंडीच्या ट्रकबरोबर जायचे. वारकरी पायी चालतात आणि ट्रक तंबू, भांडी, शिधा, वळकट्या घेऊन पुढच्या मुक्कामाला जातो. माणसं पोचेपर्यंत राहुट्या उभ्या आणि चुली पेटलेल्या असाव्या लागतात. मी इथे दोन वर्षं व्हिडिओ बघून जे शिकलो, ते बाबा पस्तीस वर्षं करत होते. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

इथल्या आपल्या बऱ्याच मंडळींना अशी गाडी करायची हौस असते, म्हणून आधी थोडं कामाचं सांगतो. पहिला प्रश्न वजनाचा. गाडी चालताना टपावर किती भार चालतो आणि उभी असताना किती, हे दोन वेगळे आकडे असतात. चालतानाचा आकडा बऱ्याच गाड्यांना शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि त्यात रॅकचंही वजन धरायचं असतं. माझा तंबू ६५ किलोचा आहे. त्यात दोन माणसं झोपली की दोनशेच्या वर जातं, पण तेव्हा गाडी उभी असते. म्हणून मी तंबू टपावर न ठेवता हौद्यावरच्या रॅकवर, जरा खाली बसवला. वजन जितकं उंच, तितकी गाडी वळणावर जास्त झुकते. सेव्हर्नच्या पुलावर आडवा वारा लागला की हे गणित हाताला कळतं.

दुसरा प्रश्न कायद्याचा. गाडीत केलेले बदल विमा कंपनीला कळवावे लागतात. गाडी कुठेही जाऊ शकते म्हणून कुठेही नेता येत नाही. रस्ता सोडून परवानगीशिवाय माळावर गाडी घालणं १९८८च्या रोड ट्रॅफिक ॲक्टनुसार गुन्हा आहे. डार्टमूरवर तंबू टाकायचा हक्क सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये मान्य केला खरा, पण तो पायी जाणाऱ्यांसाठी, आपल्यासारख्या गाडीवाल्यांसाठी नाही. त्यामुळे आम्ही कॅम्पसाइटवर नाहीतर शेतकऱ्याला विचारूनच राहतो. आणि हो, शहरातल्या पार्किंगच्या दारावरची उंचीची पाटी वाचल्याशिवाय आत शिरू नका!

तर ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी आम्ही चौघं निघालो. पूल ओलांडला की वेल्स, आणि डिसेंबर २०१८ पासून टोलही नाही. दीडएक तासात आम्ही ब्रेकन बीकन्सच्या डोंगरात पोचलो. वेल्श भाषेत त्याला बान्नाय ब्रेहाइनियोग म्हणतात आणि आता तेच अधिकृत नाव वापरतात. तिथलं सगळ्यात उंच शिखर पेन-ई-फॅन ८८६ मीटरचं. "कळसूबाईच्या निम्म्याला जरा जास्त," बाबांनी लगेच हिशेब केला. हा भाग २०१३ पासून अंधाऱ्या आकाशासाठी राखीव आहे. रात्री आकाशगंगा दिसली तेव्हा आई म्हणाली, "लहानपणी अंगणात झोपायचो तेव्हा दिसायचं असं."

आईचे गुडघे दुखतात, शिडी चढणं तिला शक्य नव्हतं. म्हणून तंबूच्या खाली लावायची कापडी खोली मी मुद्दाम घेतली होती. आई आणि माझी बायको खाली खाटांवर, मी आणि बाबा वर. डिझेलवर चालणारा हीटर होता. त्याचा धूर बाहेर जातो आणि फक्त गरम हवा पाइपातून आत येते. फ्रिज होता, दिवे होते, आईसाठी बॅटरीवर चालणारं गरम ब्लँकेट होतं. या सगळ्यासाठी १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, म्हणजे साधारण १२०० वॅट-तास. निघताना ती घरी पूर्ण चार्ज केली होती. पुढे गाडी चालेल तशी ती आपोआप भरत राहील, अशी व्यवस्था मी स्वतः केली होती. एक रिले जोडला होता आणि त्यावर हिरवा दिवा लागायचा. मला तेवढं पुरे होतं.

पहिली रात्र झकास गेली. शनिवारी आम्ही गाडीने बरंच हिंडलो, संध्याकाळी कोळशाच्या छोट्या बार्बेक्यूवर कणसं भाजली. रात्री एकच्या सुमाराला हीटर बंद पडला. बाहेर तीन अंश. पुन्हा चालू करायला गेलो तर हीटरचा ग्लो प्लग सुरुवातीला एकदम जास्त करंट ओढतो, तेवढा बॅटरीत उरलाच नव्हता. खालून आईचा आवाज आला, "अरे, ती शेगडी आत आण की जरा. निखारे आहेत अजून."

आपल्याकडे थंडीत हे कुणीही म्हणेल. मी कॉम्प्युटर इंजिनीअर, पण त्या क्षणी मला फक्त आईचे थरथरणारे हात दिसत होते. मी बार्बेक्यू उचलला, कापडी खोलीत ठेवला आणि थंडी येऊ नये म्हणून चेन लावली.

काही मिनिटांत कर्कश आवाज सुरू झाला. माझ्या बायकोने निघताना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म खाटेशेजारी टांगला होता. साधारण वीस पौंडांची वस्तू. "आणखी एक डबडं कशाला?" असं मीच तिला म्हणालो होतो. तिने एका हाताने चेन उघडली, दुसऱ्या हाताने आईला बाहेर ओढलं. मी शेगडी लांब नेऊन ठेवली.

या वायूला रंग नसतो, वास नसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरून ठेवतं. माणूस झोपेतच जातो. ज्वाळा विझल्या आणि नुसते निखारे उरले, तरी तो तासन्‌तास निघत राहतो. गावाकडच्या घराला कौलांच्या फटी असतात, वारा खेळतो. तंबूचं कापड मात्र पाणी आणि वारा दोन्ही अडवायला बनवलेलं असतं. हे सगळं मला वाचून माहीत होतं. माहीत असूनही मी चेन लावली.

उरलेली रात्र आम्ही चौघांनी गाडीच्या केबिनमध्ये काढली, आईने फलटणहून आणलेली गोधडी सगळ्यांच्या अंगावर ओढून. बाहेर उघड्यावर गॅसवर दोनदा चहा केला. आई काही बोलली नाही, फक्त माझा हात धरून बसली होती.

उजाडल्यावर बाबा म्हणाले, "मीटर आहे का?" हत्यारांच्या पेटीत होता, अजून प्लॅस्टिकमधून काढलेलाही नव्हता. त्यांनी मला गाडी सुरू करायला लावली आणि बॅटरीची टोकं मोजली. सुरुवातीला १४.४ व्होल्ट. थोड्या वेळात आकडा उतरत उतरत १२.६ वर आला आणि रिले खट्‌कन सुटला.

"बघ. गाडी स्वतःचं पोट भरलं की वाढायची थांबते."

अगदी खरं होतं. हल्लीच्या गाड्यांमधला अल्टरनेटर इंधन वाचवायला आपणहून दाब कमी करतो. जुन्या गाड्यांना चालणारा साधा रिले अशा गाडीत दुसरी बॅटरी भरूच शकत नाही. त्यासाठी डीसी-टू-डीसी चार्जर लागतो, तो मिळेल तो दाब वाढवून बॅटरीला हवा तेवढा देतो. शनिवारभर आम्ही फिरलो आणि बॅटरी जवळजवळ उपाशीच राहिली. हिरवा दिवा लागला हे मी बघितलं, पण व्होल्ट कधी मोजले नाहीत.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी मला हौदा रिकामा करायला लावला आणि सगळं सामान पुन्हा भरलं. "जे आधी लागणार, ते शेवटी चढवायचं. जड ते खाली आणि पुढे. ज्याला दोन रात्री हात लागला नाही, ते घरी." त्या हिशेबाने तीस किलो सामान कमी झालं. त्यात माझे दोन स्पीकर आणि एक घडीचं टेबल होतं. अलार्मची जागा त्यांनी स्वतः ठरवली, झोपणाऱ्याच्या डोक्याजवळ. वरच्या तंबूसाठी आणखी एक घ्यायला लावला.

आता गाडीत ३० अँपिअरचा चार्जर आहे. ब्रिस्टलहून त्या डोंगरापर्यंतच्या दीड तासात बॅटरी साधारण ४५ अँपिअर-तास भरते, आणि मी ते मीटर लावून बघितलं आहे. कोळसा आता आम्ही नेतच नाही. कणसं गॅसवर भाजतो, आई म्हणते चव तशी नाही. चालतंय.

आषाढात बाबांचा व्हिडिओ कॉल आला. मागे दिंडीचा ट्रक, वर ताडपत्री, खाली बायकांची भाकऱ्यांची घाई. मी म्हटलं, "बाबा, आम्ही पण निघालोय या शुक्रवारी." त्यांनी कुठे, किती दिवस, काही विचारलं नाही.

"मोजलंस का?" एवढंच म्हणाले.

"मोजलं, बाबा."