दिव्यावरचे एकदिवसी पाखरू

मृगाचा पाऊस पडून गेला की जालन्याच्या घराघरांतून दिव्याभोवती पाखरांची गर्दी होते, आणि सकाळी केरसुणीखाली ती सारी वाळवी म्हणूनच जातात. पुष्कळशी वाळवी असतेही. तिचे चारही पंख सारख्या लांबीचे असून बसताना पाठीवर सपाट मिटतात. परंतु एखादे पाखरू फुलपाखराप्रमाणे पंख उभे जुळवून बसते आणि त्याच्या पोटाच्या टोकाशी केसासारखे दोन वा तीन लांब तंतू असतात. ते वाळवीचे नव्हे. त्याचे बालपण पाण्यात गेलेले असते. शास्त्रज्ञ या गणास एफिमेरॉप्टेरा म्हणतात. प्रौढास खावयास उपयोगी पडेल असे तोंडच नसल्याने एकदिवसी हे नाव शोभते.

ओळखताना प्रथम तंतू मोजावे. ते सहज तुटतात, म्हणून भिंगाने त्यांची मुळेही पाहावी. मग मागचे पंख पाहावे. तीन तंतू, दुधाळसर पंख आणि मागच्या पंखांचा अभाव असेल तर ते सीनिडी कुळ. तंतू दोनच आणि मागचे पंख चिमुकले किंवा मुळीच नसतील तर बहुधा बीटिडी. या दुसऱ्या कुळातील नराच्या डोळ्यांचा वरचा भाग असा उंचावलेला असतो, की जणू पागोटेच घातले आहे!

खरी फसगत पुढेच आहे. पाण्यातून निघालेल्या या कीटकाचे पंख आरंभी मळकट असतात. काही तासांनी तो पुन्हा कात टाकतो आणि पंख काचेसारखे होतात. पंख फुटल्यावर कात टाकणारा कीटकांचा गण हा एकच. हे ठाऊक नसलेला मनुष्य एकाच जातीची दोन नावे लिहून ठेवावयाचा. जातीचा निर्णय बहुधा पूर्ण वाढलेल्या नराच्या पोटाच्या टोकावरील चिमट्यासारख्या अवयवांवरूनच होतो. मादीवरून तो पुष्कळदा होतच नाही.

पिल्लाची साक्षही घ्यावी. कुंडलिकेतील दगड उलटून पाहिल्यास, पोटाच्या दोन्ही बाजूंस कल्ले आणि प्रत्येक पायास एकच नखी असलेले पिल्लू या गणाचे समजावे. सीनिडीच्या पिल्लाचे दोन चौकोनी कल्ले झाकणासारखे इतरांवर बसतात, त्यामुळे गाळ आत जात नाही. दगडास चिकटलेले चपट्या अंगाचे पिल्लू हेप्टाजिनिडी कुळाचे. त्यास वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. बीटिडीतील क्लिऑन मात्र डबक्यातही निभावते. यासाठीच नुसते एकदिवसी म्हणून भागत नाही. कोणते, हे कळले तरच नदीची प्रकृती कळते.

पिल्लू बरणीत वाढवावे, पाखरू निघताच त्याची कातही जपावी, रंग आधी टिपून घ्यावा, कारण स्पिरिटमध्ये तो उतरतो. बाटलीतील चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी; शाई विरघळते.