विमा भेग बुजवत नाही

काळ्या मातीवरच्या घराची भेग ओळखायला वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. ती खिडकीच्या कोपऱ्यातून निघते आणि विटांच्या सांध्यांमधून पायरीपायरीनं तिरपी खाली उतरते. मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं उभं शिरतं. ऑगस्टात पाऊस मुरला की ती जवळपास मिटते. दिवाळीला लांबी भरून वर रंग दिला जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात ती रंगासकट पुन्हा उघडते. अकोल्या-अमरावतीच्या नव्या लेआऊटमध्ये अशी कितीतरी घरं दिसतात. अलीकडे त्यांच्या मालकांकडून एक नवं वाक्य ऐकू येतं : ‘घराचा विमा काढलाय, भेगा पडल्या तर कंपनी देईल.’

कंपनी देणार नाही, आणि पॉलिसीत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. १ एप्रिल २०२१पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू आहे. तिच्यात आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी फुटणं, इतकंच काय, जमीन खचणंही येतं. पण जमीन खचण्याच्या कलमाला लागूनच अपवाद आहेत : नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि तडकणं, भराव घातलेल्या जमिनीची हालचाल, सदोष आराखडा, निकृष्ट साहित्य, चुकीची कारागिरी. वऱ्हाडातल्या बहुतेक भेगा नेमक्या या अपवादांत बसतात. नियम, बांधकामाचे कोड आणि विमा या आपल्याकडे तीन वेगवेगळ्या कटकटी मानल्या जातात. प्रत्यक्षात कोडनं सांगितलेलं काम सोडलं, तर ती जागा विमा भरून काढत नाही.

‘मुरूम लागेपर्यंत खोदलं की पाया पक्का’ हा इथल्या प्रत्येक मिस्त्रीचा मंत्र आहे, आणि जिथं मुरूम हाताशी आहे तिथं तो बरोबरही आहे. पण पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूरच्या पट्ट्यात गाळाचा थर एवढा जाड आहे की पायाच्या खोलीला मुरूम लागतच नाही. मग पाच-सहा फुटांवर ‘कडक लागलं’ म्हणून काम थांबवतात. ते कडक उन्हाळ्यातलं असतं. पाणी मिळालं की तीच माती फुगते, घर उचलते, आणि सुकली की खाली सोडते. भिंतीच्या कडेची माती लवकर सुकते, मधल्या खोल्यांखालची ओल धरून राहते. म्हणून घर एकसारखं न हलता कोपऱ्यातून तुटतं.

यावरचा उपाय देशात केव्हाचाच सापडला आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं तळाशी फुगीर गोळा असलेले काँक्रीटचे खांब अशा मातीसाठी विकसित केले. इंजिनिअर त्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. आयएस २९११ भाग ३ या मानकात त्यांचे नियम आहेत. खोल काळ्या मातीत असा खांब जमिनीखाली किमान ३.५ मीटर जायलाच हवा, असं ते मानक सांगतं, कारण ऋतूंप्रमाणे ओल कमी-जास्त होण्याचा थर साधारण तेवढा खोल असतो. हे जास्तीच्या खर्चाचं काम आहे, हे खरं. पण आधी माती तपासून घेतली तर खांब लागतील की साधा पाया चालेल, हे पैसे घालण्यापूर्वीच कळतं. घराच्या एकूण खर्चात माती तपासणीची रक्कम किरकोळ असते, तरी सगळ्यात आधी तीच काटली जाते. मला हे पाहून वाईट वाटतं. याच घराच्या गेटवर लोक हौसेनं पैसा ओततात.

दुसरं दुर्लक्ष पाण्याचं. खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी पिता येत नाही हे सगळ्यांना मान्य आहे, पण ‘पिण्याचं नाही ना, बांधकामाला चालतं’ असं म्हणून तेच काँक्रीटमध्ये कालवलं जातं आणि स्लॅबवरही तेच मारलं जातं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकानुसार सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. सळई नसेल तर २,००० पर्यंत चालतं. हा चौपट फरक सळईमुळेच आहे. क्षार सळईपर्यंत पोचले की ती आतून गंजते, फुगते आणि स्लॅबचा खालचा थर पोपडे धरून पडतो. हे घर बांधल्याबरोबर दिसत नाही. बऱ्याच वर्षांनी दिसतं, तेव्हा ठेकेदाराचा हिशेब कधीच मिटलेला असतो. आणि हळूहळू चढलेला गंज ही विम्यातली घटना नव्हे.

‘आयएस कोड म्हणजे सल्ला, कायदा थोडाच?’ असं सुशिक्षित माणसंही विचारतात. मानक एकटं असताना ते मानकच असतं. पण २ डिसेंबर २०२० रोजी राज्यानं एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर केली. युडीसीपीआर नावानं ओळखली जाणारी ही नियमावली मुंबईसारखे मोजके अपवाद वगळता सगळ्या शहरांना, म्हणजे अमरावती आणि अकोला महापालिकांनाही लागू आहे. इमारतीचा सांगाडा राष्ट्रीय इमारत संहिता आणि भारतीय मानकांप्रमाणे असावा, हे तिच्यात बंधनकारक आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअर सही करतो ती याच गोष्टीची. अनेक घरमालक त्या सहीला फाइलमधला कागद समजतात. खरं तर मानक पाळल्याची हमी एका माणसानं आपल्या नावावर घेतलेली असते. तिचा उपयोग करून घ्या, सळई बांधून झाल्यावर काँक्रीट ओतण्याआधी त्याला साइटवर बोलवा.

याच नियमावलीतून एक अर्धसत्य पसरलं : ‘दीडशे मीटरपर्यंत परवानगी लागत नाही.’ १५० चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या प्लॉटसाठी प्रक्रिया सोपी झाली. परवानाधारक आर्किटेक्टनं किंवा इंजिनिअरनं प्रमाणित केलेला नकाशा दाखल करायचा, शुल्क भरायचं, आणि ती पावतीच परवानगी धरली जाते. म्हणजे टेबलावरची वाट पाहणं कमी झालं. सामासिक अंतर, उंची, पूररेषा यांतलं काहीच माफ झालेलं नाही. उलट नकाशा बरोबर असल्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर आणि मालकावर आली. पूररेषेचं तर मोर्णाकाठच्या अकोलेकरांना वेगळं सांगायला नको. जुलै २०२१च्या पुरात नदी कुठवर येते, ते शहरानं पाहिलं आहे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. प्लॉट घेण्याआधी या दोन्ही रेषा नकाशावर पाहाव्यात.

‘मालमत्ता कर भरतो, मीटर आहे, म्हणजे घर कायदेशीर’ या समजुतीत आयुष्य काढलेली कुटुंबं दोन्ही शहरांत आहेत. कर हा वापराचा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं कलम २६७अ तर विनापरवाना बांधकामाला कराची शास्तीच लावतं, आणि ती भरल्यानं बांधकाम नियमित होत नाही, हेही तिथंच म्हटलं आहे. गुंठेवारीचे प्लॉट नियमित करण्यासाठी २००१चा वेगळा कायदा आहे; २०२१च्या दुरुस्तीनं त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढली. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करून शुल्क भरावं लागतं. कराची पावती त्याच्या बदल्यात चालत नाही.

एक गोष्ट मात्र जिवावर बेतणारी आहे. ‘महापालिकेच्या नोटिसा येतच असतात’ असं म्हणत लोक जुन्या इमारतीत दुकान चालवतात, राहतात. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अमरावतीच्या प्रभात चौकात जुनी इमारत कोसळली आणि पाच माणसं गेली. इमारत शिकस्त असल्याची नोटीस महापालिकेनं आधीच दिलेली होती. ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणं हे त्याच महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे मालकाचं किंवा भोगवटादाराचं कर्तव्य आहे. म्हणजे नोटिशीची वाट पाहण्याचीही गरज नाही. भाडेकरू आणि मालक यांच्या वादात ही तपासणी वर्षानुवर्षं अडकते. कायद्यानं मात्र दोघांनाही बांधलं आहे.

फ्लॅट घेणाऱ्यांचा समज वेगळा : ‘रेरा पुण्या-मुंबईसाठी.’ महारेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण, १ मे २०१७पासून सगळ्या राज्यात आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जमीन आणि आठपेक्षा जास्त सदनिका असलेला प्रकल्प बडनेऱ्यात असो वा अकोल्यात, नोंदणीशिवाय विकता येत नाही. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के जमीन आणि बांधकामासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. आणि रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत सांगाड्यातला किंवा कामातला दोष दाखवला, तर बिल्डरनं तीस दिवसांत तो स्वखर्चानं दुरुस्त करायचा. भेगांची भरपाई विमा देत नाही ती इथं मागता येते. म्हणून फोटो तारखेसह ठेवा आणि तक्रार लेखी करा.

स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधणाऱ्याला रेराचा आधार नसतो. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही ‘सेवा’ आहे. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. त्यासाठी ठेकेदाराशी कागदावर करार हवा : काँक्रीट कोणत्या ग्रेडचं (सळईच्या कामाला एम-२० पेक्षा कमी चालत नाही), सळई कोणती, पाणी कुठलं, पाया किती खोल. वहीच्या पानावर ‘चौरस फुटाला इतके’ एवढंच लिहिलं असेल, तर आयोगापुढे दोष सिद्ध करताना दमछाक होते.

आता विम्याच्या पैशांचं. ‘घर पंचेचाळीस लाखांचं, म्हणून विमा पंचेचाळीसचा’ हा चुकीचा हिशेब आहे. आग जमीन जाळत नाही. समजा, हजार चौरस फुटांचं घर पुन्हा बांधायला फुटामागे १,८०० रुपये लागतात, तर विमा १८ लाखांचा. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, हे संरक्षण आपोआप मिळतं. इथं ते ३ लाख ६० हजार होईल. हप्ता साधारणपणे घराच्या मुख्य दरवाजाच्या किमतीपेक्षा कमीच निघतो, त्यामुळे ‘विमा परवडत नाही’ हेही तपासून पाहण्यासारखं आहे. गृहकर्जासोबत बँकेनं दिलेली पॉलिसी बहुतेकदा कर्जदाराच्या जिवाची असते. तिच्यावर ‘इमारत’ हा शब्द आहे का, ते आजच बघा. अमुकच कंपनीचा विमा घ्या, अशी सक्ती बँक करू शकत नाही.

आणि बांधकाम चालू असताना गृहविमा उपयोगाचा नाही. त्या काळात सेंट्रिंग कोसळणं, सिमेंट भिजणं यांसाठी ठेकेदाराची सर्व-जोखीम पॉलिसी असते, आणि मजुरांसाठी कर्मचारी भरपाईची वेगळी. स्लॅबच्या दिवशी परातींची रांग लागते, तेव्हा वर चढलेल्या किती जणांच्या नावानं विमा आहे, हे ठेकेदाराला विचारा. वर्षभरात ९० दिवस काम केलेल्या मजुराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. त्यासाठी कामाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते द्यायला ठेकेदाराला एक पैसाही पडत नाही.