थेंब आणि गळती

'थेंबे थेंबे तळे साचे' हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाटीवर गिरवले आहे. तळ्यालाच गळती असेल तर काय, हे मात्र तिथे कुणी सांगत नाही.

माझी सारी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. दुकान, पिठाची गिरणी, छापखाना असले धंदे तपासण्याची सवय. तिथे माल दिसतो, गिऱ्हाईक दिसते, संध्याकाळी गल्ला मोजता येतो. गेली ३ वर्षे माझी मुलगी घरातल्या एका खोलीत बसून जो धंदा करते आहे, त्यात यातले काहीच दिसत नाही. खासगी क्लासवाल्यांना हजेरीचा आणि फीचा हिशेब ठेवता यावा, असे सॉफ्टवेअर तिने तयार केले आहे. ते इंटरनेटवरून वापरायचे आणि महिन्याला ३०० रुपये भरायचे.

चांगली नोकरी सोडून ती यात पडली, तेव्हा नातेवाइकांनी ६ महिने वाट पाहिली आणि मग विचारायला सुरुवात केली, "अजून किती दिवस?" प्रश्न गैर नव्हता. साठवलेला पैसा दर महिन्याला आटत होता. धीर धर, असे म्हणणे सोपे. पण तो कशाच्या जोरावर धरायचा?

जुन्या सवयीने मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. समजा, महिन्याला १० नवी गिऱ्हाइके येतात आणि असलेल्यांपैकी शेकडा ५ सोडून जातात. वर्षअखेर हाती नव्वदएक गिऱ्हाइके उरतात, म्हणजे महिना सुमारे २७ हजार रुपये. पुढे वाढ मंदावत जाते आणि २००च्या जवळ थांबते. कारण २००चे शेकडा ५ म्हणजे १०. जितके येतात तितकेच जातात! मग वीस वर्षे धीर धरला तरी तळे तेवढेच. पण गळती शेकडा २वर आणली, तर तीच १० नवी गिऱ्हाइके आकडा ५००कडे नेतात. तिथवर जायला मात्र वर्षे लागतात. ३ वर्षांनी तो जेमतेम २५०च्या आसपास असतो.

म्हणजे या धंद्यातला धीर हातावर हात ठेवून बसण्याचा नव्हे. सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला मुलगी स्वतः फोन करते. कुणाला हप्त्याने भरलेल्या फीची पावती नीट मिळत नव्हती, कुणाला पालकांना जाणारा निरोप मराठीत हवा होता. ती एकेक गोष्ट दुरुस्त करते. महिन्याला एखादे छिद्र बुजते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडलेले दिसत नाही.

अमेरिकेतील अटलांटा शहरात बेन चेस्टनट आणि डॅन कुर्झियस यांनी २००१ साली मेलचिंप ही ई-मेल पाठवण्याची सेवा सुरू केली. त्यांचा मुख्य व्यवसाय वेबसाइट बनवून देण्याचा; ही सेवा जोडधंदा म्हणून चालली होती. २००७ साली त्यांनी पूर्ण लक्ष तिकडे वळवले. बाहेरचे भांडवल न घेता वाढवलेली ही कंपनी २०२१ साली इंट्यूटने सुमारे १२ अब्ज डॉलरला विकत घेतली. असा शेवट क्वचितच कुणाच्या वाट्याला येतो. पण आधीची ती संथ वर्षे मात्र बहुतेकांच्या वाट्याला येतात.

मुलीची मिळकत आज तिच्या जुन्या पगाराच्या निम्मी आहे. तरी मी निश्चिंत आहे, कारण गेल्या वर्षी आलेले बहुतेक क्लासवाले अजून टिकून आहेत. तुमच्याही घरात कुणी असा धंदा मांडला असेल, तर नवे किती आले हे विचारू नका. जुने किती राहिले ते विचारा. दुरुस्त्या करूनही ते टिकत नसतील, तर थांबण्यात कमीपणा नाही. टिकत असतील, तर जेवायला वेळेवर बोलवा आणि "अजून किती दिवस?" एवढे मात्र विचारू नका.