रस्त्याकडेचा गुंठा

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या शिवारात जमिनीचे भाव विचारायला निघालं की एक उलटा हिशेब समोर येतो. जिथे कंबरभर काळी माती आहे, हरभरा हमखास येतो, पाणी असलं तर ऊस उभा राहतो, ते रान आतल्या अंगाला असेल तर एकराच्या भावाने विकलं जातं. लातूर-बार्शी रस्त्याला लागून असलेला बरड तुकडा मात्र गुंठ्याच्या भावाने जातो, मग त्यात ज्वारी गुडघ्याच्या वर जात नसली तरी चालतं. गोदाम, पेट्रोल पंप, आडत दुकान, मंगल कार्यालय काढायला निघालेला माणूस मूठभर माती उचलून बघत नाही. तो विचारतो, ‘रोडटच किती फूट आहे?’

हा हिशेब मला विलक्षण वाटतो, कारण त्याच्या दोन्ही बाजू खऱ्या आहेत. शेतकऱ्याचं सोनं बांधकामाचा वैरी आहे आणि हे वैर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि त्याचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण झाला. तो झिजून जी माती तयार झाली तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. पावसाळ्यातली ओल ती रब्बीपर्यंत धरून ठेवते, म्हणून इथे पावसाने पाठ फिरवल्यावरही हरभरा, करडई, ज्वारी उभी राहते. त्याच गुणामुळे मे महिन्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि उथळ पायाच्या भिंतीही त्या मातीबरोबर हलतात. काळ्या रानात गोदाम बांधायचं तर मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदावं लागतं, नाहीतर माती काढून बाहेरचा मुरूम भरावा लागतो. बरडात तो मुरूम हातभर खाली आयताच असतो. आजोबांनी ज्या तुकड्याला नावं ठेवली त्यावर नातवाचा व्यवहार होतो, त्यामागे रस्त्याइतकाच हा खडकही आहे.

सरकारनेही एकदा ही जमीन मातीवरून तोलली होती. मुंबई इलाख्यात इंदापूरपासून १८३६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी एक पद्धत बसवली. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले आणि पुढे हैदराबाद संस्थानाने मराठवाड्यातल्या पाहणीसाठी तीच पद्धत उचलली. पाहणीवाला शेतात खड्डा घेई. पावणेदोन हात खोल चांगली काळी माती निघाली तर जमीन सोळा आणे. खोली कमी होईल, चुनखडी लागेल, उतार असेल, तसे आणे उतरत. बाजार जवळ आहे की लांब, हेही त्या काळी बघितलं जाई, पण ते गावांच्या गटाचा दर ठरवताना. एकाच गावातल्या दोन तुकड्यांत फरक करायचा तो मातीनेच. आज नेमकं तिथेच पारडं फिरलं आहे.

बोलण्यातलं मोजमाप मात्र तेच राहिलं, आणि त्याचा उगम इंग्लंडातला आहे. एडमंड गंटर या गणितज्ञाने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची मोजणीची साखळी रूढ केली. आपल्याकडच्या मोजणीत तिची अर्धी, ३३ फुटांची साखळी चालली आणि तिचेही १६ आणे पाडले गेले. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, अगदी नेमका एक एकर. सातबाऱ्यावर आज हेक्टर आणि आर लिहिलेले असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा जरासाच लहान. त्यामुळे तोंडी व्यवहार गुंठ्यात आणि कागद आरमध्ये असला की दहा गुंठ्यांमागे साधारण सव्वाशे चौरस फुटांचा फरक पडतो. रस्त्याकडेच्या भावात ती एका टपरीची जागा झाली.

आता त्या रस्त्याचीच गोष्ट. मुरुडहून पश्चिमेला ढोकी, येडशी करत बार्शी गाठणारा माणूस जमीन-कायद्याच्या दृष्टीने एक जुनी सरहद्द ओलांडतो. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात होती, मुरुड निजामाच्या राज्यात. राज्यांची सरहद्द तर १९५६ मध्ये पुसली गेली. कायद्यातली खूण मात्र आजही शाबूत आहे. बार्शीतल्या शेतजमिनीला १९४८ चा मुंबईचा कूळकायदा लागतो. मुरुडच्या शेतजमिनीला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागतो. विदर्भाचा आणखी तिसरा, १९५८ चा. एका राज्यात तीन कायदे नांदताहेत. तिन्हींचा एक धागा समान आहे: शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर आधी परवानगी लागते. म्हणून पुण्या-मुंबईहून मुरुडला गोदामासाठी जागा शोधत आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न भावाचा नसावा, जमीन आज शेतीची आहे की अकृषिक झालेली, हा असावा.

हैदराबादचा कायदा कागदांत किती खोल उतरला आहे ते जुने उतारे काढले की दिसतं, आणि माझ्या मते खरं नवल इथेच आहे. नव्या फेरफारांपासून मागे जात जात आपण १९५४ च्या खासरा पाहणी पत्रकापाशी पोचतो. प्रत्यक्षात रान कोण कसतं याची ती नोंद, मराठवाड्यातल्या कित्येक वादांचा शेवट तिच्यावर होतो. त्याच काळातल्या नोंदींत ‘संरक्षित कूळ’ हे शब्द सापडू शकतात. कायद्याच्या कलम ३८-ई ने अशा कुळांना मालकी दिली. तेव्हा ज्याचं नाव मालक म्हणून दिसतं त्याच्या वारसांकडून जमीन घेताना ते कूळ पुढे कुठे गेलं, हे बघायलाच हवं. आणखी मागे गेलं की लिपी बदलते. मोडी येते, उर्दू येते. तारखाही ओळखीच्या राहत नाहीत, कारण निजामाच्या कचेऱ्या फसली सन लिहीत. १३४० फसली दिसलं तर ५९० मिळवायचे, म्हणजे साधारण १९३० साल. महिन्यांची नावं आजूर, बहमन, फरवरदी, खुर्दाद अशी, इराणी सौर पंचांगातली. ज्वारीच्या शेताची नोंद, मराठी शेतकऱ्याचं नाव आणि महिना इराणचा! आरक्षणासाठी लागणाऱ्या जुन्या नोंदी शोधायला २०२३ मध्ये मराठवाड्यातली ही दप्तरं पुन्हा उघडली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली.

याच जुन्या थरांत इनामं दडलेली असतात. देवस्थानच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश, निर्वाहासाठी दिलेली मदतमाश. इनामं कायद्याने रद्द झाली तरी त्या जमिनींवरची बंधनं उरली. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असं लिहिलेलं दिसलं की थांबायचं. अशी जमीन परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही. खिदमतमाश असेल तर विक्रीची वाट जवळपास बंदच समजावी. स्वस्त रोडटच तुकडा स्वस्त का आहे, याचं उत्तर पुष्कळदा या एका ओळीत असतं.

आणि ज्या सातबाऱ्यावर आपला एवढा जीव, तो मुळात महसुलाचा कागद आहे. न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे की सातबाऱ्यावर नाव असल्याने मालकी सिद्ध होत नाही. मालकी खरेदीखतातून, वाटणीतून, वारशातून येते. सातबारा त्याच्या मागून चालतो. खरेदीखत नोंदवल्यावर फेरफाराची नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते, १५ दिवस हरकतीसाठी ठेवले जातात आणि मग मंडळ अधिकारी ती मंजूर करतो. हे पंधरा दिवस औपचारिक समजू नयेत. एकत्र कुटुंबातली बहीण, परगावी असलेला चुलतभाऊ, सगळ्यांना बोलायची संधी इथे असते, आणि ती त्यांना मिळावी असंच मला मनापासून वाटतं. बहिणींच्या सह्या ‘नंतर घेऊ’ म्हणणाऱ्याकडून जमीन घेऊ नये.

शेतजमीन व्यापारी कशी होते? १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार वापर बदलावा लागतो. पूर्वी सगळी वाट कलम ४४ च्या परवानगीतून जाई, अलीकडे हे नियम बरेच सैल झाले आहेत. कलम ४२-ड तर अंतरावरच उभं आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, ठरलेला कर भरल्यावर, निवासी किंवा प्रादेशिक योजनेत चालणाऱ्या वापरासाठी अकृषिक झाली असं मानलं जातं. म्हणजे नकाशावर गावाभोवती एक अदृश्य कडं आहे, आणि त्याच्या अलीकडचा बांध नि पलीकडचा बांध यांची कायद्यातली जात वेगळी. हे कडं कायमचंही नसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी, सास्तूरसारखी गावं नव्या जागी वसली. कालपर्यंत जिथे पेरणी होत होती तिथे वस्ती उभी राहिली आणि आसपासच्या रानांचं गावापासूनचं अंतरच बदललं.

जमीन अकृषिक झाली की सातबाऱ्याचा खालचा भाग, पिकांची नोंद ठेवणारा नमुना १२, गरजेचा राहत नाही. २०२० पासूनच्या नव्या उताऱ्यावर तशी सूचनाच छापून येते. शंभराहून अधिक वर्षं दरसाल तूर की ज्वारी हे विचारणारं दप्तर त्या तुकड्याला पुन्हा तो प्रश्न विचारत नाही.

इतकं सगळं जमल्यावर रस्ता आपला वाटा मागतो, आणि इथे खरेदीदार सर्वांत जास्त फसतात. मोकळ्या ग्रामीण भागात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसने सुचवलेली इमारत रेषा रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरवर आहे, नियंत्रण रेषा ७५ मीटरवर. समजा रस्त्याची जागा ३० मीटर रुंद आहे. म्हणजे आपल्या हद्दीपासून आत २५ मीटर बांधकाम नाही. २५ मीटर दर्शनी आणि ४० मीटर खोल असा दहा आरचा तुकडा घेतला तर त्यातले सव्वासहा आर मोकळे ठेवायचे आणि पावणेचारांत दुकान बसवायचं. पैसे मात्र सगळ्या दहांचे मोजलेले! कुठल्या रस्त्याला नेमकं किती अंतर लागू आहे ते इसार देण्याआधी बांधकाम खात्याकडून लेखी घ्यावं, मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम करून घ्याव्यात, आणि मग त्या मोकळ्या पट्ट्यात ट्रक उभे करायचे की झाडं लावायची ते ठरवावं.

एक गोष्ट राहते, आणि ती विकत घेणाऱ्यापेक्षा मागे राहणाऱ्यांची आहे. रस्त्याकडेचा तुकडा विकला गेला तरी त्याच्या मागची रानं शेतीचीच असतात. त्यांची बैलगाडी, ट्रॅक्टर, ऊस भरलेली गाडी आजवर याच बांधावरून रस्त्याला लागत आली आहे. नवा मालक तारेचं कुंपण घालतो आणि मागची चार घरं अडकतात. तहसीलदाराकडे दाद मागता येते: जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मिळते, आणि असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. पण अर्ज, पंचनामा, अपील यांत सुगी निघून जाते. त्यापेक्षा खरेदीखतात चतुःसीमा लिहितानाच उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या बांधालगत अमुक फुटांची गाडीवाट मागच्या गटांसाठी कायम राहील, अशी ओळ घालून घ्यावी, वाट नकाशावर दाखवावी आणि कुंपण तिच्या आतून घ्यावं. तेवढ्या जागेचे पैसे विकणाऱ्याशी बोलून भावातून वजा करून घेता येतात.