नवे पुस्तक कसे शोधावे?

वाचकहो, तुम्हाला अक्षरे आली. सही करता येऊ लागली, एसटीची पाटी वाचता येऊ लागली. आता पुढे काय? विहिरीचे पाणी उपसले नाही तर ते खराब होते. अक्षरांचेही तसेच आहे. वापरली नाहीत तर ती हळूहळू विसरतात. म्हणून एक पुस्तक संपले की दुसरे हाताशी हवे. ते शोधावे कसे आणि लिहिणाऱ्याचे मन जाणावे कसे, ते या पाठात पाहू.

पुस्तक कुठे मिळते?

आपल्या राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकार अनुदान देते. गावोगावची पुष्कळ वाचनालये त्यावरच चालतात. तेव्हा तिथे जायला संकोच नको. ग्रंथपालाला सरळ सांगा, "मी नवा वाचणारा आहे. ठळक अक्षरांचे, सोप्या भाषेचे पुस्तक द्या." आपल्या गावी वाचनालय नसेल तर शेजारच्या गावी किंवा तालुक्याला चौकशी करा. बाजाराच्या दिवशी जाणे होतेच, तेव्हा हेही काम होईल.

पुस्तक पारखावे कसे?

बैल घेताना आपण नुसता रंग पाहून पैसे मोजतो का? दात पाहतो, चालवून पाहतो. पुस्तकालाही तसेच पाहावे. आधी नाव वाचा, मग लेखकाचे नाव वाचा. मागचा मजकूर वाचा, आत काय आहे ते थोडक्यात कळते. अनुक्रमणिका पाहा. मग मधले एखादे पान वाचून पाहा. चार शब्द अडले तर हरकत नाही, विचारून घ्या. पण ओळीओळीला अडू लागले तर ते पुस्तक तूर्त ठेवून द्या. त्यात लाज कसली? पुढच्या वर्षी तेच सोपे वाटेल.

प्रस्तावना मात्र सोडू नका. लेखक तिथे आपल्याशी बोलतो. पुस्तक का लिहिले, कोणासाठी लिहिले, ते सांगतो.

बुलढाण्याच्या ताराबाई

याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते. मुलींना शिकवण्याची चाल नव्हती अशा काळात त्यांनी लेकीला घरीच शिकवले.

१८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला फाशीची शिक्षा झाली. लोकलाजेच्या भयाने तिने आपले तान्हे मूल मारले होते. पुढे शिक्षा कमी होऊन काळे पाणी झाली. या प्रकरणावरून पुण्याच्या एका वर्तमानपत्राने साऱ्या बायकांनाच नावे ठेवली. ताराबाईंना ते सहन झाले नाही. त्यांनी विचारले, दोष काय तो बाईचाच, आणि पुरुषाचा काहीच नाही? हाच प्रश्न घेऊन त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. १८८२ साली पुण्यात त्याच्या पाचशे प्रती छापल्या. किंमत होती नऊ आणे. हा आपला लिहिण्याचा पहिलाच प्रयत्न आहे, असे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे.

पुस्तकावर टीका झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पण पुढे लोक ते पुस्तक विसरले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा ते लोकांच्या हाती आले. मध्ये नव्वद वर्षांहून अधिक काळ गेला! आता आपणच विचार करा. पुस्तक लिहून भागत नाही. ते कोणी वाचले, दुसऱ्याला सांगितले, तरच ते जगते. म्हणजे वाचणाऱ्याच्या हातीही मोठे काम आहे.

लेखक लिहितो कसा?

लिहिण्याच्या रीती पुष्कळ आहेत. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' तयार केले. त्यासाठी ते चक्रधरस्वामींना पाहिलेल्या माणसांना भेटले, एकेकाला विचारले, आठवणी गोळा केल्या. लोणार आणि मेहकर ही आपली गावे त्या ग्रंथात आहेत.

खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. दळताना, शेतात राबताना त्या गाणी रचत. घरच्यांनी ती उतरवून ठेवली. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ साली गाण्यांचे पुस्तक निघाले. कोणी उतरवलेच नसते तर सारे त्यांच्याबरोबर गेले असते.

मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचा 'शीळ' हा संग्रह १९५४ साली आला. त्याच्या पुष्कळ आधीच त्यांचे गीत तबकडीवरून लोकांच्या कानी गेले होते. कधी कधी पुस्तक कानानेही सापडते!

चिखली तालुक्यातील अमडापूरचे सदानंद देशमुख यांनी 'बारोमास' ही कादंबरी लिहिली. तिच्यात शिकूनही नोकरी न मिळालेल्या शेतकऱ्याच्या पोराची आणि कर्जात रुतलेल्या घराची गोष्ट आहे. तिला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या बांधावरचे दुःख असे देशभर पोचले.

लेखक भेटला तर

ग्रंथोत्सवात किंवा शाळेच्या कार्यक्रमात लेखक येतात. मागे बसून नुसत्या टाळ्या वाजवू नका. विचारा: ही गोष्ट तुम्हाला कुठे सापडली? यातला माणूस खरा की मनचा? किती वेळा लिहून खोडले? शेवट असाच का केला? खरा लेखक अशा प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला आनंद होतो. आणि पुस्तकातले एखादे म्हणणे पटले नसेल तर तेही नम्रपणे सांगा. छापलेले सगळेच खरे असते असे नाही. ताराबाईंनी हेच तर दाखवून दिले.

या आठवड्यात एवढे करा. वाचनालयातून एक पुस्तक आणा. प्रस्तावना वाचा. रात्री जेवणे झाली की दोन पाने घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मग म्हाताऱ्या आईला किंवा आजीला एखादी जुनी ओवी म्हणायला सांगा आणि ती वहीत उतरवून घ्या. कोण जाणे, उद्याचे पुस्तक तुमच्याच घरात असेल.