शिकण्याची वही कुणासाठी लिहायची?

आपल्याकडे एमबीबीएसला 2019 पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि विद्यार्थ्याच्या हाती लॉगबुक आलं. कोणतं कौशल्य, कोणती तारीख, शिक्षकांची सही. ही झाली हजेरी. पोर्टफोलिओ, म्हणजे शिकण्याची वही, ही निराळी गोष्ट.

समजा, एका इंटर्नने आजींचं रक्त काढायला तीनदा सुई टोचली, शीर काही सापडली नाही; शेवटी सिस्टरनी काढलं. लॉगबुकात याला रकानाच नाही. वहीत मात्र लिहिता येतं: दुसऱ्यांदा चुकलो तेव्हाच मदत का नाही मागितली? आजी कण्हत होत्या, ते ऐकू आलं होतं का? जॉन ड्यूई (कोलंबियातले डॉ. आंबेडकरांचे गुरू, तेच) सांगत की विचार सुरू होतो तो अडखळल्यावर.

पण ही वही वाचणार कोण? पास-नापास ठरवणारेच! मग पोरं वाचणाऱ्याला आवडेल असं ‘चिंतन’ लिहितात, सीनियरच्या वहीतून उतरवतातसुद्धा. आम्हीही पेपरांत असली चिंतनं आयुष्यभर वाचली आणि त्यांना मार्क दिले. ब्रिटनमध्ये 2018 साली एका शिकाऊ डॉक्टरचं नाव नोंदणीतून काढलं गेलं. अपिलात तो निर्णय फिरला, पण तोवर आपल्याच नोंदी आपल्यावर उलटतील या धास्तीने बरेच शिकाऊ डॉक्टर हबकले होते.

म्हणून आम्ही म्हणतो, वहीचे दोन भाग करा: एक शिक्षकांना दाखवायचा, एक स्वतःपाशी ठेवायचा. रुग्णाचं नाव दोन्हींत नको. आणि शिक्षकांनी आधी आपली फसलेली एक केस वर्गात सांगावी.